उजव्या शॉकअपमधली स्प्रिंग

तुम्ही कधी एखाद्या माणसाला एकही प्रश्न न विचारता त्याला गुन्हेगार ठरवलं आहे का? ठरवलं नसेल, तर दुसऱ्या कोणी ठरवलेलं मोबाइलवर पुढं पाठवलं आहे का? उत्तर मला नको. स्वतःला द्या आणि मग पुढं वाचा.

हे तीन दिवसांच्या प्रवासाचं वर्णन आहे. वाशिम, मेडशी, जऊळका, इंझोरी आणि पुन्हा मेडशी. सगळा प्रवास जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच. तिथं पाहायला येतं तरी कोण, असं म्हणाल. मी माझं छापलेलं एक वाक्य खरं आहे का ते पाहायला गेले होते.

आधी घर सांगते. माझे वडील निवृत्त शिक्षक. सगळा परिसर त्यांना गुरुजी म्हणतो. शाळा सुटली की ते पत्रकं लिहायचे आणि रविवारी मोटारसायकलवरून गावोगाव वाटायचे: मजुरीवर, हुंड्यावर, अंगात येण्यावर, गळक्या शाळांवर. विहारात वंदना व्हायची आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात बाबांचं पत्रक पडायचं. आमच्या घरात रद्दी अशी नव्हतीच. डब्याखाली पत्रक, पुस्तकाला कव्हर पत्रकाचं, मी बाराखडी गिरवली तीही पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर. पत्रकात कोणी, कुठं, काय केलं हे आडपडदा न ठेवता लिहायचं, हे त्यांनी मला शिकवलं. चौथी एक गोष्टही शिकवली होती, ती पुढं येईल.

भाद्रपदात बाबा गाडीवरून पडले. मालेगावच्या अलीकडं वळणावर ब्रेक दाबला, पुढचं चाक उजवीकडं मुरडलं आणि गाडी अंगावर आली. गळ्याचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं, डोक्यालाही मार बसला. गाडी पंचवीस वर्षांची. वाशिमच्या एका मेकॅनिकनं हँडल सरळ केलं, पुढचा भाग दोनदा दाबून पाहिला आणि न खोलताच म्हणाला, "एका बाजूची स्प्रिंग गेली. कोणंतरी भंगार माल टाकला याच्यात."

कोणंतरी म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. बाबांची गाडी वर्षानुवर्षं मेडशीचा सुखदेव मिस्त्रीच करायचा. गेल्या वर्षी पुढच्या स्प्रिंगा त्यानंच बदलल्या होत्या. मी त्याच रात्री लिहायला बसले. मथळा दिला 'जीवघेणा मिस्त्री'. खाली नाव, गाव, दुकानाची खूण. बाबा दवाखान्यात शुद्धीवर यायच्या आत ते पत्रक छापून झालं होतं. मालेगाव आणि मेडशीच्या स्टँडवर मी स्वतः चिकटवलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो मला पाच अनोळखी नंबरांवरून परत आला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. हे लपवत नाही.

दोन महिन्यांनी सुखदेव मिस्त्रीचा आवाजी निरोप आला. राग नव्हता त्यात, म्हणून जास्त झोंबला.

"ताई, गाडी घेऊन ये. मी हात लावाच्या आधी चार लोकं उभे कर अन् त्याईच्यासमोर खोल. माही चूक निंघाली तर पाने तुह्या हाती देतो, दुकानाले कुलूप लावतो."

वाशिम ते मेडशी

आई म्हणाली, टेम्पोत टाकून ने. मी ऐकलं नाही. कारण सांगताना लाज वाटते. पुढच्या पत्रकात मला लिहायचं होतं की ज्या गाडीनं बापाला पाडलं त्याच गाडीवर बसून लेक जाब विचारायला गेली.

ते पुढचं पत्रक तयारही होतं. पाठीवरच्या पिशवीत तीनशे प्रती होत्या. मथळा होता 'मेडशीत सत्य उघडं पडलं'. गाडी खोलण्याआधीच मी निकाल छापून घेतला होता.

सकाळी आठला निघाले. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा वर येत होता आणि तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. एरवी हे सगळं पाहत गेले असते. त्या दिवशी माझी नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढं खिळली होती. खड्डा आला की डावी बाजू उचलायची आणि उजवी बसायची. हँडल हातातून पिळून निघायचं. आतून ठक् असा लोखंडाचा आवाज यायचा, दारामागं कोणी कडी आपटावी तसा. पुढचा ब्रेक मी लावणार नव्हते. मागच्यावरच जायचं ठरवलं होतं.

मालेगावच्या अलीकडं तेच वळण आलं. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक थांबली आणि बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर गेली. पुढचा भाग खाली बसला, उजवीकडं मुरडला, आणि क्षणभर मला डांबरातली खडी एकेक वेगळी दिसली. पाय टेकला. गाडी कलंडली पण आडवी झाली नाही. बांधावर तुरीतलं गवत काढणारी एक बाई विळा घेऊन उभी राहिली.

"पडली असती व माय. भावाची गाडी हाय काय?"

"बापाची हाय."

"मंग बापालेच चालवू दे."

मी हसले नाही.  बाबा इथं कसे पडले असतील ते मला पहिल्यांदा कळलं. त्यामुळं माझा राग कमी झाला नाही, वाढला. उरलेला रस्ता मी ताशी वीसच्या वेगानं, कडेकडेनं कापला. ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून जात होते. मेडशीच्या स्टँडची कमान दिसली तेव्हा बोटं हँडलवरून सुटेनात.

मेडशी

सुखदेव मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं कडूलिंबाची सावली. आत एका तारेवर जुन्या स्प्रिंगा जोडी-जोडीनं टांगलेल्या, प्रत्येक जोडीला सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. आणि समोरच्या पत्र्यावर माझं पत्रक. फाडलेलं नाही, खोडलेलं नाही. चार कोपऱ्यांना चार खिळे मारून लावलेलं.

दुकानापुढं एकही गाडी नव्हती.

मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा माणूस. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग गाडीच्या पुढच्या चाकाकडं.

"चालवत आणली?"

"हाव."

"बापावर गेली." तो शेजारच्या चहाटपरीकडं वळला. "एक कट दे रे ताईले. चहा घे आधी. उपाशी पोटी भांडू नये."

मी चहा घेतला नाही. टपरीवरचे चारजण उठून आले. त्यात किसनाजी म्हणून एक म्हातारे होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते उलट्या बादलीवर बसले. "आज कोर्ट हाय मनता? मंग जज कोण?"

"पाना," मिस्त्री म्हणाला.

वाशिमात मेकॅनिककडं गाडी दिली की गिऱ्हाइकाला हाकलतात, संध्याकाळी या म्हणतात. इथली रीत उलटी. सुखदेव मिस्त्रीच्या दुकानात मालकानं काम संपेपर्यंत हँडल धरून उभं राहायचं. "माह्याइथं डोयाआड काम होत नाई," तो म्हणाला. "धर हँडल. सोडू नको."

त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली. इंजिनखाली बाभळीचा ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. मग मला दोन्ही शॉकअपच्या माथ्यावरचे नट दाखवले. नुसतं बोट ठेवलं. डावा नट गुळगुळीत होता, कडा शाबूत. उजव्याच्या कडा कुरतडल्यासारख्या, दातांच्या खुणा पडलेल्या.

"हे पाइप पान्याचे दात हायेत," किसनाजी म्हणाले. "नळवाल्याचा पाना."

"माह्याजवळ पाइप पाना हाय काय, पाह्य आत जाऊन," मिस्त्री मला म्हणाला.

"लपवला असन," मी म्हणाले. चौघांनी माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रीनं नाही पाहिलं.

आधी त्यानं वरचा पकडबोल्ट सैल केला. मग डाव्या नटावर फडकं टाकलं आणि तळव्यानं दाबून धरत तो फिरवायला लागला. खालून स्प्रिंग वर रेटत असते. नट शेवटच्या आट्यावर आला आणि हात ढिला पडला, तर तो गोळीसारखा उडतो. शेवटच्या आट्याला मी नकळत हँडल घट्ट धरलं. नट सुटला. वाकवलेल्या तारेच्या आकड्यानं त्यानं स्प्रिंग हळूहळू वर ओढली. काळं तेल ठिबकलं. स्प्रिंग लांबसडक, सरळ. वरच्या टोकाला आटे जवळजवळ, खाली दूरदूर. आणि अगदी वरच्या आट्यावर लाल ठिपका.

"हे काय?"

"नेलपॉलिश. मी बसवलेल्या हरेक स्प्रिंगले लावतो. तेलात राहून बी जात नाई. बायकोची बाटली हाय. ते म्हणते, पह्यले माही बोटं, उरलं तर तुह्या स्प्रिंगा."

टपरीवाले हसले. मी हसले नाही. माझी नजर तारेवरच्या जोड्यांवर गेली. बाबांच्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी तिथं होती आणि तिच्याखाली दोन जुन्या, दबलेल्या स्प्रिंगा. दोन. म्हणजे त्यानं दोन काढल्या होत्या. मग दोन घातल्याही असणार.

"उजवी खोला," मी म्हणाले. माझाच आवाज मला लहान वाटला.

उजव्या नटाला जोर लागला नाही. तो सहज आला, खालून रेटा नव्हताच. आकडा आत गेला आणि आधी वर आला एक पांढुरका नायलॉनचा तुकडा, बोटभर लांब, मधून उभा तडकलेला. त्यामागून स्प्रिंग. आखूड, जाड तारेची, वरच्या टोकाला कापलेली. मिस्त्रीनं ती पुसली, उलटसुलट केली, पुन्हा पुसली. लाल ठिपका कुठंच नव्हता.

त्यानं पेपर पसरला आणि दोन्ही स्प्रिंगा शेजारी-शेजारी निजवल्या. टेपनं लांबी मोजली. उजवी चार बोटं कमी. आटे मोजले, मोठ्यानं, किसनाजींकडूनही मोजून घेतले. तारेची जाडी व्हर्नियरवर घेतली आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी वाचलं. दोन आकडे वेगळे होते.

"स्प्रिंग वळखाची असन तं चार गोठी पाह्याच्या," तो म्हणाला. शिकवत नव्हता, साक्ष देत होता. "लांबी, जाडी, आटे, अन् बाहेरून किती रुंद. ह्यातल्या तीन जुळत नाईत. ही दुसऱ्या कोण्या गाडीची हाय. लांब पडली म्हून कापली. मंग आखूड पडली म्हून वरून नायलॉन घातला. आता हे टोक पाह्य."

कापलेल्या टोकाला निळसर झाक होती आणि शेवटचे दोन आटे एकमेकांवर चपटे बसले होते.

"ग्राइंडरनं कापलं. तापली. तापली का तिचं पाणी जाते. मंग ते स्प्रिंग नाई राहत, नुसती तार राहते. ब्रेक मारला का डावी बाजू उभी, उजवी बसलेली. गाडी मुरडनच."

फाट्यावर एसटी थांबली, सुटली. माझ्या पाठीवरची पिशवी अचानक फार जड लागायला लागली.

किसनाजी बादलीवरून उठले. "आता वाच ना पोरी ते पत्रक. मोठ्यानं वाच. आमी बी ऐकतो."

"राहू द्या, किसनाजी," मिस्त्री म्हणाला. "हँडल धरून उभी हाय ते."

आणि मी खरंच धरून उभी होते. त्यानं नव्या स्प्रिंगांची जोडी काढली, मापं पुन्हा जुळवली, माझ्यासमोर दोन्हींना लाल ठिपका लावला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत राहिला. जुनं तेल खालच्या स्क्रूतून काढून टाकलं. नवं तेल त्यानं लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीनं मोजलं, बाटलीवरची रेघ डोळ्यासमोर धरून, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. "दोन पोरं असले तं दोघाले सारखं दूध," तो म्हणाला. स्प्रिंगा आत गेल्या, जवळच्या आट्यांचं टोक वर. नट बसले. त्यानं पुढचा ब्रेक धरून गाडी तीनदा दाबली. ती दोन्ही बाजूंनी सारखी बसली आणि सारखी उठली. आवाज नाही.

"काका, मी..." मी सुरुवात केली.

"तोंडाची माफी मले नाई पायजे," तो पाने पुसत म्हणाला. "दोन महिन्यात माह्याकडं सहा गाड्या आल्या. त्यातल्या चार पंक्चरच्या. लोकं गाडी ढकलत माह्या दुकानापुढून जातात अन् मालेगावले नेतात. हा महिना संपला का मी सुरतले जातो भाच्याकडं. गेटवर बसाचं काम हाय म्हणते. मले ते जमते का नाई ठाऊक नाई. तू छापलं ना? जसं छापलं, तसंच उतरव."

मग त्यानं कापलेली स्प्रिंग पेपरात गुंडाळून दिली आणि तो तडकलेला नायलॉनचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "लेथवरचं काम हाय. साफ काम. जऊळक्याले स्टेशनच्या रस्त्यानं एक लेथवाला हाय, तो असा नायलॉन वापरते. जाऊन पाह्य. पण त्याच्यावर लिहू नको. आधी त्याले विचार."

माझे कान तापले. ही बाबांची चौथी गोष्ट होती. ज्याच्यावर लिहायचं, त्याला आधी विचारायचं. पेन उचलायच्या आधी, त्याच्या दारात जाऊन.

जऊळका

त्या रात्री मुक्काम मेडशीत एका मैत्रिणीच्या घरी केला. तिच्या आईनं मुगाची भजी केली होती. चव लागली नाही एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सरळ चालत होती. खड्ड्यात पुढचं चाक जायचं, दोन्ही बाजू एकदम बसायच्या, एकदम उठायच्या. हातांना काही कामच उरलं नव्हतं. त्यामुळं डोकं मोकळं झालं, आणि मोकळ्या डोक्यानं काय केलं असेल? मालेगाव सोडलं तेव्हा नवा मथळा तयार होता: 'लेथवर कापलेला जीव'. जऊळक्याला पोचेपर्यंत पहिले दोन परिच्छेद झाले होते. माणूस इतक्या लवकर शिकत नाही.

लेथवाल्याचं दुकान रुळांपासून जवळ आहे. मळणीयंत्राचा बुश फिरत होता आणि पितळेच्या पिवळ्या कुरळ्या साली खाली पडत होत्या. दुकानदार म्हणजे माझ्या आजोबांच्या वयाचे गृहस्थ. त्यांनी यंत्र बंद केलं नाही. मी तुकडा त्यांच्यासमोर पाटावर ठेवला.

"हे तुमचं काम हाय?"

"माहंच हाय. काहून?"

मला वाटलं होतं नाकारतील. माझं निम्मं भाषण नाकारण्यावर उभं होतं.

"स्प्रिंग बी तुमीच कापली?"

आता त्यांनी यंत्र थांबवलं. "तू गुरुजीची पोरगी काय? नाक तेच हाय. बस." मी उभीच राहिले. "गुरुजी चैतात आले होते. टाकीवर पुस्तकाचे गठ्ठे, हे एवढाले. रुळावर गाडी आदळली, उजवी स्प्रिंग आतल्या आत तुटली. इथं तसली स्प्रिंग भेटत नाई. म्या म्हटलं, मेडशीले सुखदेवले फोन लावा, तो जोडी आणून देईन. तं नाई म्हणे. मंग भंगारातून एक काढली, कापून बसवली."

"एकच बाजू बदलत नसतात. तुम्हाले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. त्याईलेबी सांगतलं." ते माझ्याकडं रोखून पाहत राहिले. "म्या म्हटलं, गुरुजी, हे घरी जायपुरतं हाय. हळू जा, ब्रेक जपून मारा, अन् दोन दिवसात सुखदेवकडून जोडी घालून घ्या. हाव हाव म्हणे."

"पुरावा काय?"

"पुरावा?" त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. "तुह्या बापाले विचार. तो खोटं नाई बोलत."

चैत्रात बसवलेली स्प्रिंग. बाबा पडले भाद्रपदात. दोन दिवसांचं काम पाच महिने चाललं होतं.

स्टेशनजवळ एका गाड्यावर गरम कचोरी होती. घेतली, एक घास खाल्ला, बाकीची एका कुत्र्याला दिली. मालगाडी गेली. तिचे डबे मोजले, आकडा विसरले. इथून वाशिम जवळ होतं. घरी जाऊन गप्प बसता आलं असतं. बाबांचं मेडशीत अजून कोणालाच माहीत नव्हतं, आणि मिस्त्री महिनाभरात सुरतेला जाणार होता. सांगायचं न सांगायचं सगळं माझ्या हातात होतं. दहा मिनिटं मी गाडीवर बसून होते. मग शेलूबाजारच्या रस्त्याला लागले.

इंझोरी

बाबा इंझोरीला माझ्या आत्याकडं होते. आई दिवसभर नोकरीवर, आणि मोडक्या हाताच्या माणसाजवळ कोणीतरी लागतं. मंगरूळपीर, मानोरा करत पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आत्यानं लवकर धरलेल्या तुरीचे कोवळे सोले काढून आमटी चढवली होती. घरभर लसणाचा वास होता. आमच्याकडं वाशिमला विकतचे सोले येतात, आत्याकडं ते बांधावरून पदरात येतात, आणि त्या दोन आमट्यांची तुलना होत नाही.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. हात गळ्यात. गाडीचा आवाज ऐकूनच त्यांचा चेहरा उजळला. "आवाज गेला तिचा. कोणं केली?"

मी कापलेली स्प्रिंग आणि नायलॉनचा तुकडा खाटेवर, त्यांच्या मांडीशी ठेवला.

त्यांनी हात लावला नाही. कापलेलं टोक तेवढं पाहिलं. मग म्हणाले, "जऊळक्याले जाऊन आली?"

"हाव."

"सुखदेवकडं गेलो असतो तं त्यानं झापलं असतं. आधीच दोनदा बोलला होता. गुरुजी, टाकीवर ओझं नका ठेवू, स्प्रिंग तुटन. अन् तुटली." त्यांनी डाव्या हातानं पंचा सारखा केला. "आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता राह्यलं."

"ते जाऊ द्या. माहं पत्रक तुमी कधी वाचलं?"

"दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी."

"मंग काहून नाई सांगतलं?"

बाबांनी आता ती स्प्रिंग हातात घेतली. 

"तुहं पह्यलं पत्रक होतं," ते म्हणाले. "सिस्टर वाचून दाखवून राह्यली होती. सारा वार्ड ऐकून राह्यला होता. एक चूक नव्हती त्यात."

चुलीजवळून आत्या म्हणाली, "एक होती. नाव चुकलं होतं."

आत्यानं भाकरी वाढल्या. बाबा डाव्या हातानं जेवले, घास सांडत. मी त्यांना मदत केली नाही. त्याची खंत आता वाटते, तेव्हा वाटली नाही.

ताट सारल्यावर ते म्हणाले, "लिही. माहं नाव टाक. निवृत्त शिक्षक हे बी टाक. शाळेतल्या पोराईले कळू दे."

"तुमी सांगाचं अन् मी लिहाचं, असं नाई. आधी मिस्त्रीले दाखवाचं. तुमचाच नियम हाय."

त्यांनी मान हलवली. मग पिशवी मागितली, 'मेडशीत सत्य उघडं पडलं' या तीनशे कागदांवरून हात फिरवला आणि एक कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यांना कागद वाया गेलेला चालत नाही.

पुन्हा मेडशी

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मजकूर घेऊन मिस्त्रीच्या दुकानात उभी होते. माझं पत्रक अजून त्याच चार खिळ्यांवर होतं. त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचलं. ओठ हलवत, सावकाश.

"हे 'थोर कारागीर' काढ."

"काहून?"

"मी थोर नाई. 'मिस्त्री' लिही. अन् जऊळक्याच्या माणसाचं नाव हाय इथं. त्यानं तं खरं सांगतलं होतं. त्याले काहून ओढते?"

मी दोन्ही खोडलं. म्हणून या लेखातही ते गृहस्थ नुसते लेथवाले आहेत.

"छापून झालं का कुठं वाटशील?"

"जिथं पह्यलं वाटलं, तिथंच. मालेगाव, मेडशी. अन् ग्रुपवर."

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. "ग्रुपवर पोरी, ते वाऱ्यावर उडालेलं हाय. तू दहाजणाले पाठवलं, त्याईनं शंभराले. त्या शंभराले तू वळखते काय?"

मी ओळखत नाही. म्हणून हा लेख.

जे खरं आहे ते असं. सुखदेव मिस्त्रीनं माझ्या वडिलांच्या गाडीत दोन्ही स्प्रिंगा बरोबर मापाच्या घातल्या होत्या. त्यातली एक माझ्या वडिलांच्या हयगयीनं तुटली. तिच्या जागी घातलेली तात्पुरती स्प्रिंग त्यांनी दोन दिवसांत बदलायची होती, ती पाच महिने ठेवली, म्हणून ते पडले. हे माहीत असून ते गप्प राहिले. आणि एक पैलू तपासल्याशिवाय, एक प्रश्न विचारल्याशिवाय, एका कारागिराचं नाव मी भिंतीला लावलं. माझ्या वडिलांनी हा परिच्छेद वाचून त्याखाली डाव्या हातानं सही केली आहे.

तीनशे प्रती, त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर छापलेल्या, मी स्वतः चिकटवल्या आहेत. त्या पुरणार नाहीत. महिना संपायला आज अकरा दिवस आहेत, आणि मिस्त्रीच्या दुकानात कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी भरून ठेवलेली मी पाहिली आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. मोबाइल उघडा. भाद्रपदात आलेला 'जीवघेणा मिस्त्री' हा फोटो शोधा. तो कोणाला पाठवला होता ते पाहा. हा लेख नव्या कोणाला पाठवू नका, आवडला असला तरी. ज्याला तो पाठवला होता त्यालाच हा पाठवा, आणि त्यालाही तसंच करायला सांगा. आजच.